कॅथरीनचा हिशोब

थळच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी आणि त्याच्या पलीकडे दीपगृहाचं खांदेरी. बाजूला बांबूंवर बोंबील वाळत असतात, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि शनिवार-रविवार असेल तर मुंबईची पाहुणे मंडळी फोटो काढण्यात गुंग असतात. 2025 साली खांदेरीचं नाव जागतिक वारशाच्या यादीत लागलं, तेव्हापासून चौकशी जरा जास्तच होते. मैनाक भंडारी, दौलतखान, कान्होजी आंग्रे ही नावं इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतात.

मला मात्र या समुद्राकडे बघताना एका मुलीची आठवण येते. मुलगीच म्हणायचं, कारण ती इथे आली तेव्हा सतरा वर्षांचीही असेल-नसेल. पोटुशी होती, नवरा डोळ्यांदेखत मेला होता, आणि तिला कैदी म्हणून आणलं होतं ते इथून जवळच, अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात. तिचं नाव कॅथरीन कुक. इंग्रजांच्या हिंदुस्थानच्या इतिहासात ती चांगलीच प्रसिद्ध आहे. 1907 साली कर्नल जॉन बिडल्फ यांनी मलबारच्या चाच्यांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याच्या नावातच तिला जागा दिली. आपल्याकडे मात्र ती कान्होजींच्या चरित्रात ओळ-दोन ओळींत येऊन जाते. एक इंग्रज बाई, तिची खंडणी, आणि पुढचं पान.

त्या दोन ओळींच्या मागेपुढे काय होतं, ते आज सांगते.

1709 साली ‘लॉयल ब्लिस’ नावाचं जहाज इंग्लंडहून बंगालला निघालं. त्यावर कॅप्टन जेरार्ड कुक आपल्या कुटुंबासह होता. कलकत्त्याला कंपनीच्या किल्ल्यात त्याची नोकरी. वारा प्रतिकूल मिळाला, मोसम हुकला आणि ऑक्टोबरमध्ये जहाज कारवारच्या बंदरात शिरलं. कारवार तेव्हा सोंद्याच्या राजाच्या मुलखात होतं. तिथे इंग्रजांची मिऱ्याची आणि कापडाची वखार होती, तिचा प्रमुख जॉन हार्वे. हा माणूस उतारवयाचा आणि शरीराने बेढब होता असं त्या काळच्या लोकांनीच लिहून ठेवलंय. पण पैसा राखून होता. त्याने पाहुण्यांची बडदास्त ठेवली आणि कुकच्या तेरा-चौदा वर्षांच्या देखण्या मुलीला मागणी घातली. तिच्या नावावर चांगली रक्कम ठेवायचं कबूल केलं.

आईबापांनी हो म्हटलं. दोन आठवड्यांत लग्न उरकलं, जहाजाने शीड उभारलं, आणि आईबाप बंगालकडे निघूनही गेले. मुलगी वखारीत राहिली. ना भाषा येते, ना माणसं ओळखीची. नवरा आजोबांच्या वयाचा.

बालविवाह म्हटला की आपण आपल्याच समाजाकडे बोट दाखवतो, आणि ते बरोबरच आहे. पण सातासमुद्रापलीकडून आलेली ही मंडळी त्या बाबतीत काही फार निराळी नव्हती, हे आपलं जाता जाता!

हार्वेने पुढे नोकरी सोडायची ठरवली. 1711 मध्ये दोघं मुंबईला आली, पण कारवारचे हिशोब पुरे व्हायचे होते म्हणून परत गेली. तिथेच हार्वे वारला. इथून सुरू होतो तो हिशोबाचा फेरा, आणि तो कॅथरीनच्या मागे शेवटपर्यंत राहिला. त्याचं कारण समजून घ्यायला हवं. कंपनीचे नोकर पगारावर जगत नसत. पगार अगदी नावापुरता. खरी कमाई त्यांच्या खासगी व्यापारातून. त्यामुळे कंपनीचा पैसा कुठे संपतो आणि साहेबाचा कुठे सुरू होतो हे त्याचं त्यालाच ठाऊक. माणूस मेला की कंपनी त्याच्या सगळ्या मालमत्तेवर हात ठेवायची आणि म्हणायची, आधी आमचं काय देणं निघतं ते ठरू दे, मग वारसांचं बघू.

म्हणजे ज्या रकमेसाठी आईबापांनी मुलगी दिली, ती रक्कमही अडकली.

काही महिन्यांतच तिने थॉमस चाऊन नावाच्या कारवारच्याच तरुण नोकराशी लग्न केलं. वाचताना क्षणभर खटकतं, एवढ्या लवकर? पण वखारीतल्या एकट्या मुलीपुढे दुसरा मार्ग कोणता होता? इंग्रज वस्त्यांमध्ये गोऱ्या बायका मोजक्याच असत आणि विधवा फार दिवस विधवा राहत नसत. आपल्याकडच्या केशवपनापेक्षा हे बरं, असं म्हणता येईल. तरी त्यात हौसेपेक्षा डोक्यावरच्या छपराची गरज जास्त होती, असंच मला वाटतं. चाऊन निदान तिच्या वयाच्या आसपासचा तरी होता.

हार्वेच्या मालमत्तेचा दावा लावायचा तर मुंबईच्या गव्हर्नरपुढेच जायला हवं. म्हणून नोव्हेंबर 1712 च्या सुरुवातीला हे जोडपं मिरी लादलेल्या ‘अॅन’ नावाच्या लहान जहाजातून मुंबईला निघालं. सोबतीला गव्हर्नर एस्लाबी यांचं तोफा चढवलेलं स्वतःचं जहाज होतं. कॅथरीनला दिवस गेलेले होते.

इथे थोडं थांबून आपल्या बाजूला काय चाललं होतं ते बघू. कारण हे दोघं नेमके कशात सापडले, हे त्यांना स्वतःला तरी कितपत कळलं असेल, देव जाणे.

1707 मध्ये औरंगजेब मेला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठ्यांच्यात घरातच लढाई जुंपली. एकीकडे साताऱ्याला शाहू, दुसरीकडे ताराराणी. 1707 च्या खेडच्या लढाईत मराठेच मराठ्यांशी लढले. सरदार आज या बाजूला तर उद्या त्या. कोकण किनारा होता सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या हातात, आणि कान्होजी ताराराणींच्या पक्षाचे. म्हणजे घाटावरून शाहूंचं सैन्य कधी उतरेल याचा नेम नाही. समोर मुरुड-जंजिऱ्याचा सिद्दी. गोव्याला आणि चौल-वसईला पोर्तुगीज. मुंबईला इंग्रज. या थळच्याच समुद्रात बघा ना, खांदेरी कान्होजींचं आणि हाकेच्या अंतरावरचं उंदेरी सिद्दीचं! मधल्या पाण्यात जाळं टाकणाऱ्या कोळ्याने कुणाला सलाम करायचा?

कान्होजींचं म्हणणं सरळ होतं. हा समुद्र आमच्या राजाचा, इथून जाणाऱ्याने आमचं दस्तक घ्यावं. दस्तक नसेल तर जहाज धरणार. पोर्तुगीज गेली दोनशे वर्षं हेच करत होते, तेव्हा त्यांना कुणी चाचे म्हटलं नाही. इंग्रजांनी कान्होजींचं दस्तक मानायला नकार दिला आणि त्यांना चाचा ठरवून टाकलं. हा शब्द आपल्यालाही इतका मुरलाय की आपल्याच आरमारप्रमुखाबद्दल बोलताना कधीकधी तो ओठावर येतो.

तर कारवार सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी कान्होजींच्या चार गुराबांनी या जहाजांना गाठलं. गव्हर्नरच्या जहाजाने मारा बराच वेळ सोसला, त्याची मोठी डोलकाठी कोसळली. ‘अॅन’ने निसटायचा प्रयत्न केला, पण तिलाही गाठलं. एका तोफगोळ्याने थॉमस चाऊनचा हात उडवला. रक्त थांबेना. तो बायकोच्या मांडीवर गेला. दारूगोळा संपला आणि जहाजं कान्होजींच्या हाती पडली.

तीन वर्षांत दुसऱ्यांदा विधवा. या खेपेला पोटात मूल, आणि भोवती ज्यांनी नवऱ्याला मारलं ती माणसं.

कैद्यांना कुलाब्याला आणलं. ओहोटीला आज आपण चालत किंवा टांग्यातून जातो तोच हा किल्ला. भरतीला चहूबाजूंनी पाणी, पळून जाणार कुठे? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे आपल्याकडे थंडीचे, शेतात पोपटी लावायचे दिवस. ती साडेतीन महिने तिथे होती. कान्होजींच्या घरात मथुराबाई, लक्ष्मीबाई, गहिनाबाई होत्या. गडावर बायाबापड्यांचा राबता होता. सहाव्या-सातव्या महिन्याची पोटुशी परकी पोर बघून कुणाचा जीव कळवळला नसेल? निदान एक सुईण तरी जवळ जाऊन बसली असेल, असं मी मनाशी म्हणते. ते खरंच झालं असा दावा करत नाही.

कारण दुसरी बाजूही लिहिलेली आहे. क्लेमंट डाउनिंग नावाच्या इंग्रज खलाशाने पुढे लिहिलेल्या पुस्तकात तिच्या हालांचं वर्णन आहे. सोडवायला आलेल्या माणसाला आपले कपडे तिच्याभोवती गुंडाळावे लागले, इतक्या फाटक्या अवस्थेत ती होती, असं तो सांगतो. डाउनिंग शत्रुपक्षाचा, शिवाय ऐकीव गोष्ट लिहिणारा. तरी कान्होजींवर माया आहे म्हणून ते पान फाडून टाकावं, असं मला वाटत नाही. खंडणीसाठी धरलेल्या माणसाला राजमहालात ठेवत नाहीत, तेव्हाही नाही आणि आताही नाही.

मग तह झाला. तो का झाला, तर त्याचंही उत्तर घरच्या भांडणात आहे. शाहू महाराजांशी गाठ पडणार हे कान्होजींना दिसत होतं. एकाच वेळी घाटावर आणि समुद्रावर लढणं परवडणारं नव्हतं. त्यांनी मुंबईला निरोप धाडला, तुमचा एखादा भरवशाचा माणूस बोलणीला पाठवा. कुणी जायला तयार होईना. शेवटी लेफ्टनंट मॅकिंटॉश आपण होऊन निघाला, बरोबर कैद्यांच्या सुटकेचे 30,000 रुपये घेऊन. फेब्रुवारी 1713 मध्ये तो कॅथरीनला आणि इतरांना घेऊन मुंबईला परतला. त्याच वर्षी कान्होजींनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केलं, बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि त्यांनी कान्होजींना समजावून शाहूंच्या बाजूला आणलं. घरची लढाई निदान कोकणापुरती मिटली. एका इंग्रज मुलीची सुटका त्या मोठ्या हिशोबातली बारीकशी रक्कम होती.

मुंबईला आल्यावर थोड्याच दिवसांत तिला मुलगा झाला. चाऊनचा मुलगा, बापाचं तोंड न बघितलेला.

आता तरी सुख? छे. हार्वेचे हिशोब अजून तसेच, आणि त्यात चाऊनचे वाढले. कंपनीने पोटापुरतं काही दिलं. मग विल्यम गिफर्ड नावाचा कंपनीचा तरुण नोकर पुढे आला, मुंबईच्या बाजाराची देखरेख त्याच्याकडे होती. तिने त्याच्याशी तिसरं लग्न केलं. गिफर्ड कंपनीच्या कामात चढत गेला आणि पुढे अंजेंगोच्या वखारीचा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली. हे अंजेंगो म्हणजे केरळातलं अंचुतेंगु, पाच नारळांचं गाव. आताच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आहे. अट्टिंगलच्या राणीने तिथे इंग्रजांना जागा दिली होती, त्यांनी किल्ला बांधला होता. राज्य राणीचं होतं आणि वारसा आईकडून मुलीकडे जाणारा. इथे तरी कॅथरीनला एक बाई गादीवर बसलेली दिसली असेल!

इकडे मुंबईत त्याच काळात गव्हर्नर बून यांनी कान्होजींशी पुन्हा वैर धरलं. 1718 मध्ये इंग्रजी आरमार खांदेरीवर चालून आलं. थळच्या गावकऱ्यांना किनाऱ्यावरून तोफा दिसल्या आणि ऐकूही आल्या असतील. खांदेरी पडली नाही. इंग्रज हात हलवत परत गेले.

गिफर्डने अंजेंगोला काय केलं, हे इंग्रज लेखकांनीही झाकून ठेवलेलं नाही. मिऱ्याच्या व्यापारात खोटी वजनं, भावात फसवणूक. स्थानिक व्यापाऱ्यांचे अपमान. वखारीच्या दुभाष्याने केलेल्या आगाऊपणाला पाठीशी घालणं. तिथल्या सरदार घराण्यांचा राणीशी आधीच वाद होता आणि इंग्रजांवर रोष त्याहून मोठा. राणीला दरवर्षी द्यायच्या नजराण्याची सात वर्षांची बाकी राहिली होती. सरदारांचं म्हणणं, तो आमच्यामार्फत द्या. गिफर्डने ठरवलं, नाही, मी स्वतः वाजतगाजत जाऊन राणीच्या हातात देणार. एप्रिल 1721 मध्ये तो वखारीतली जवळजवळ सगळी धडधाकट माणसं घेऊन अट्टिंगलला गेला. मागे किल्ल्यात बायका, मुलं आणि म्हातारी-आजारी माणसं.

अट्टिंगलला लोक उठले. शंभराहून जास्त माणसांची तुकडी, त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके परतले. गिफर्डच्या शेवटाची जी वर्णनं आहेत ती मी इथे देत नाही. सकाळचा चहा घेताना वाचण्यासारखी ती नाहीत. केरळात हा उठाव इंग्रजांविरुद्धचा पहिला मोठा उठाव म्हणून मानाने सांगितला जातो, आणि गिफर्डच्या कारभाराकडे बघता त्यात नवल नाही.

पण किल्ल्यात बसलेल्या बायकोला हे कसं कळलं असेल? गेलेल्या तुकडीऐवजी जखमी होऊन धडपडत आलेले एक-दोघं. पंचवीस-सव्वीस वर्षांची कॅथरीन, तिसऱ्यांदा विधवा. तिच्याबरोबर त्याच दिवशी कपाळ पुसलं गेलेल्या आणखी दोघी, एक काउझची आणि एक बर्टनची बायको. आणि मुलं. बाहेर चिडलेला मुलूख. किल्ल्याची जबाबदारी आली सॅम्युएल इन्स नावाच्या गोलंदाजावर. त्याने या बायकामुलांना एका गावठी गलबतात बसवून समुद्राकडे काढलं आणि स्वतः मूठभर माणसांनिशी किल्ला सहा महिने लढवला. मदत येईपर्यंत.

गलबत कन्याकुमारीला वळसा घालून मे महिन्यात मद्रासला लागलं. महिनाभर समुद्रावर, अंगावरच्या कपड्यांनिशी, लहान पोरांना घेऊन.

हे वाचताना मला 1990 च्या ऑगस्टमधलं कुवेत आठवतं. आपल्या रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी घरांतली माणसं तेव्हा आखातात होती. एका रात्रीत सैन्य शिरलं, बँका बंद, नवऱ्याची कंपनी बंद. वाळवंटातून बसने जॉर्डनला, तिथून विमानाने मुंबईला. एअर इंडियाने लाखावर माणसं आणली, त्याचं कौतुक झालं, सिनेमाही आला. पण त्या बायकांनी कुलूप लावून सोडलेली घरं, लॉकरमधलं सोनं, अडकलेले पगार? त्याच्या नुकसानभरपाईची प्रकरणं नंतर वर्षानुवर्षं चालली. परदेशी नोकरीला नवरा जातो, त्याच्यामागे बाई जाते. आणि भडका उडाला की ज्या भांडणात तिचा काडीचा संबंध नाही, त्यातून पोरांना उचलून तिलाच बाहेर पडावं लागतं. कॅथरीनने हे दोनदा केलं. एकदा पोटातल्या पोराला घेऊन, एकदा हाताला धरून.

मद्रासहून ती कलकत्त्याला आईबापांकडे गेली. बारा वर्षांपूर्वी कारवारच्या किनाऱ्यावर तिला सोडून गेलेल्या आईबापांकडे. त्या भेटीत कोण काय बोललं असेल!

आणि कंपनी? कंपनीने हिशोब मागितला. गिफर्डने मिऱ्याच्या व्यवहारात कंपनीचे पैसे खाल्ले, ते त्याच्या विधवेने भरावेत. आता उलटं झालं होतं बघा. पहिल्या दोन नवऱ्यांचे पैसे तिला कंपनीकडून मिळवायचे होते. तिसऱ्याचे कंपनीला तिच्याकडून हवे होते. गिफर्ड लबाड होता यात मला शंका नाही. पण ज्या वरिष्ठांनी त्याला नेमला आणि मिरी येतेय तोवर काही विचारलं नाही, त्यांच्याकडे कुणी हिशोब मागितला का?

कॅथरीन या वेळी मात्र गप्प बसली नाही. 1722 मध्ये इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचा कमोडोर थॉमस मॅथ्यूज कलकत्त्याला आला. तो राजाचा माणूस, कंपनीचा नोकर नव्हे, आणि कंपनीच्या लोकांशी त्याचं मुळीच जमत नव्हतं. तिने त्याच्याकडे आश्रय मागितला. त्याने तिला आपल्या ‘लायन’ जहाजावर घेतलं आणि मुंबईला आणलं.

हा मॅथ्यूज कोण? डिसेंबर 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांनी मिळून कुलाब्यावर जो हल्ला केला, त्यातल्या राजाच्या जहाजांचा प्रमुख हाच. ज्या तटामागे ती साडेतीन महिने कोंडून होती, तोच तट पाडायला तो आला होता. बाजीराव पेशवे कान्होजींच्या मदतीला धावले, पोर्तुगीजांनी परस्पर तह केला आणि किल्ल्याचा चिराही हलला नाही. मॅथ्यूजला कुलाबा घेता आला नाही. बंदीण मात्र त्याने कंपनीच्या हातून सोडवली.

मुंबईत मोठा गवगवा झाला. विधवा बाई आरमाराच्या अधिकाऱ्याच्या आसऱ्याला राहते, म्हणजे काय ते लोकांनी ठरवूनच टाकलं. गव्हर्नर फिप्स आणि त्यांच्या कौन्सिलने हुकूम काढले, हिशोब दिल्याशिवाय मुंबई सोडायची नाही. तिने ते जुमानले नाहीत. तिच्यामाथी जे चारित्र्याचे शेरे मारले गेले, ते मारणारे सगळे कंपनीचे लोक होते आणि त्यांना तिच्याकडून पैसे वसूल करायचे होते, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

अखेर ती मॅथ्यूजच्या जहाजातूनच निघाली आणि 1724 मध्ये इंग्लंडला पोचली. तेरा-चौदा वर्षांची निघाली होती ती आता तिशीकडे आलेली. लंडनमध्येही कंपनी तिच्या मागे लागलीच, आणि कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. पण आता ती त्यांच्या वखारीत नव्हती की त्यांच्या जहाजावर नव्हती. वकील लावून उत्तर देत होती.

मुंबईहून दक्षिणेला निघालेलं जहाज खांदेरीच्या बाहेरून जातं. आजही थळच्या किनाऱ्यावरून मोठी जहाजं त्या बाजूला दिसतात. ‘लायन’ गेलं तेव्हा कान्होजी हयात होते, खांदेरीवर त्यांचंच निशाण होतं. हवा स्वच्छ असेल तर जहाजाच्या डाव्या बाजूला उभं राहणाऱ्याला खांदेरीनंतर थोड्याच वेळात कुलाब्याचा तटही दिसतो.